अकुआवहिनीसाठी कोणी गायलं नाही

दादाचा फोन आला तेव्हा मी नववी ‘ब’च्या मुलांना भारताचा नकाशा भरायला दिला होता. आमच्या शाळेत वर्गात फोन न्यायचा नाही असा नियम आहे, पण गेले तीन आठवडे मुख्याध्यापकांनी मला त्यातून सूट दिली होती. टेबलावर फोन थरथरला. दादा म्हणाला, “नीलू, गेली ती.” वर्गात कोणीतरी पेन्सिलीला टोक काढत होतं, तेवढाच आवाज... शेवटी तो म्हणाला, “तू लगेच ये. तुझं काम आहे ना.” माझं काम काय, हे इथे तिघांनाच माहीत होतं. मला, दादाला आणि जी गेली तिला. ठाण्याहून ठाकुर्लीला जाईपर्यंत कॅबमध्ये मी त्या कामाची मनातल्या मनात उजळणी करत होते, परीक्षेला बसणाऱ्या मुलीसारखी. आणि ते काम मी केलं नाही. आज सहा आठवडे होऊन गेले. हे आधी सांगून टाकल्याशिवाय वहिनीबद्दल एक ओळही लिहायचा मला अधिकार नाही.

वहिनीचं नाव अकुआ. घानातल्या कुमासी शहराजवळच्या एका गावातली. दादा तिथल्या प्लायवूडच्या कारखान्यात मशिनरीच्या देखभालीसाठी गेलेला, दोन वर्षं म्हणून, आणि राहिला अकरा वर्षं. घाना म्हणजे कोको, हे एका वाक्यातलं, एका गुणाचं उत्तर मी भूगोलाची शिक्षिका म्हणून कित्येक मुलांकडून घोकून घेतलं होतं. त्यापलीकडे मला त्या देशाचं काहीही माहीत नव्हतं. दादाने तिच्याशी लग्न केल्याचं पत्राने कळलं तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही. नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पत्राची घडी घालून ती पंचांगात ठेवली आणि तो विषय संपवला. पुढे नाना आजारी पडले, तिकडचा कारखानाही बंद झाला, आणि पंचवीसएक वर्षांपूर्वी दादा तिला घेऊन ठाकुर्लीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आला. उंच, रुंद खांद्यांची, हसली की अख्खा चेहरा हसणारी बाई. आईने पूजा घातली आणि तांदळाच्या ताटात अंगठीने तिचं नवं नाव लिहायला लावलं – अनघा. दादाने तिला इंग्रजीतून समजावलं, तर ती खो खो हसली. त्यांच्याकडे जन्मवारावरून नाव पडतं, अकुआ म्हणजे बुधवारी जन्मलेली. तिने मला विचारलं, “बुधवारची मी, आता कुठला वार झाले?” त्या ताटातले तांदूळ आईने संध्याकाळच्या भातात लावून टाकले.

ती आली आणि चार महिन्यांत नाना गेले. आमच्या घरात मृत्यू कसा असतो हे डोंबिवलीकरांना सांगायला नको. पुरुष फोन करतात, बायका चादरी अंथरतात, सगळे हळू आवाजात बोलतात. आई भिंतीला टेकून बसली होती, पदर तोंडावर. एक हुंदका नाही. ‘खूप धीराची आहे हो,’ असं येणारी प्रत्येक बाई म्हणत होती आणि आईला ते ऐकू येत होतं. तेवढ्यात आतून वहिनी आली. अनवाणी. तिने नानांच्या पायाशी उभं राहून दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि असा आवाज काढला की, हॉलमधली माणसं दचकून उठली. तो नुसता आक्रोश नव्हता, त्यात शब्द होते. ती नानांना हाका मारत होती, काहीतरी विचारत होती. कमरेत किंचित वाकून, पावलं जमिनीपासून जेमतेम उचलत ती पुढेमागे होऊ लागली आणि तिचे हात... मला वाटलं, ही नाचते आहे. माझ्या वडिलांच्या प्रेतासमोर ही बाई नाचते आहे. दादा जागचा हलला नाही. मी उठले, तिचं मनगट धरलं, तिला आतल्या खोलीत नेलं आणि म्हटलं, “वहिनी, इथे असं करत नाहीत.” बाहेरून कडी लावली. आत तिचा आवाज थांबला. मला वाटलं, चला, समजलं तिला.

समजायला हवं होतं मला. त्याला पुढे दहा वर्षं लागली. वहिनीची आई त्यांच्या गावातल्या बायकांच्या गाणाऱ्या मंडळाची म्होरकी होती. कुठे मयत झालं की या बायकांना निरोप जायचा. काळी-लाल वस्त्रं गुंडाळून त्या जायच्या, एक बाई लोखंडाची घंटा काठीने वाजवायला लागायची, मग ढोल, आणि बायका एकेक करून पुढे येऊन नाचायच्या. त्या नाचाला अडोवा म्हणतात. त्यात पायांपेक्षा हात बोलतात. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे माझ्यावर आकाश कोसळलं. हात स्वतःभोवती गुंडाळले म्हणजे मी एकटी पडले, मला थंडी वाजते. उजव्या डोळ्याखाली बोट ठेवलं म्हणजे बोलायला माझ्यापाशी काही नाही, तूच बघ काय झालंय ते. आणि गाणारी बाई मेलेल्याची नावं घेते, त्याची, त्याच्या आईची, आजीची, पणजीची, गावची, ज्या नदीचं पाणी प्यायला तिची. “म्हणजे वाटेत कोणी विचारलं तर त्याला सांगता येतं, मी कोणाचा ते,” वहिनी म्हणायची. “आमच्यात शोक एकट्याने करत नाहीत, नीला. एकट्याने केला तर तो माणसाला खातो. म्हणून सगळे मिळून करतात, वाटून घेतात.” ज्याच्या मयताला कोणी गायलं नाही, त्याचं कोणी नव्हतं असा त्याचा अर्थ. नानांसाठी ती तेच करायला उभी राहिली होती. तिच्या मते त्या हॉलमध्ये त्या माणसाचं कोणीच नव्हतं.

त्यानंतर घरात ती कधी गायली नाही. मराठी शिकली, पण कुणालाही ‘तू’ म्हणायची, सोसायटीच्या चेअरमनलासुद्धा. भाकरी शिकली, उकडीच्या मोदकांना आईपेक्षा जास्त पाकळ्या पाडायला लागली. बाजारात लोक वळून बघायचे, पोरं मागून काहीबाही ओरडायची, रिक्षावाले थांबून पुढे जायचे. याची तिने तक्रार केलेली मी ऐकली नाही. गणपतीत खाली ढोलपथक आलं की मात्र गॅलरीत जाऊन उभी राहायची, थोडा वेळ ऐकायची आणि आत येऊन म्हणायची, “तुमचा ढोल ओरडतो. आमचा बोलतो.” तिचा मामा ढोलावर माणसांची नावं वाजवायचा, आणि ज्याचं नाव वाजलं तो गर्दीत कुठेही असला तरी वळून बघायचा. असं काहीतरी सांगता सांगता ती मध्येच थांबायची... आम्हाला त्यात रस नाही असं तिचं तिने ठरवून टाकलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

एकदाच तिने तो आवाज माझ्यासाठी लावला. माझं लग्न होऊन मी बाळकुमला राहायला आलेले. मला पर्यवेक्षिकेची जागा मिळत होती आणि माझ्या नवऱ्याने, मोहनने, घरी कोण बघणार म्हणून अबोला धरला होता. पंधरा दिवस. मी फोनवर वहिनीपाशी रडले. शनिवारी दुपारी ती दारात हजर. मोहनसमोर सोफ्यावर बसली आणि टाळ्या वाजवत गायला लागली. गाणं तिच्या ट्वी भाषेत, पण दर दोन ओळींनी ‘मोहन’. तो बिचारा कावराबावरा. “वहिनी, काय म्हणताय?” ती म्हणाली, “आमच्याकडे नवरा असा वागला की बायका त्याच्या दारात येऊन गातात. गाव ऐकतं. आज मी एकटी आले. पुढच्या शनिवारी पण येईन.” आणि पुन्हा सुरू. समोरच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला तसा मोहन हसायला लागला, हात जोडले त्याने. ती जागा मी घेतली. तिला गाताना मी खऱ्या अर्थाने पाहिलं ते तेव्हा. तिच्या मानेच्या शिरा, मिटलेले डोळे. किती वर्षं ती हे सगळं आत घेऊन भांडी घासत होती, असं मला वाटलं. वाटलं आणि मी चहा टाकायला उठले.

तिला तिचं माणूस भेटलं ते आमच्या घराबाहेर, डोंबिवलीजवळच्या मानपाड्याला. तिथल्या एका बालवाडीत ती इंग्रजी शिकवायची. बालवाडीतल्या मावशीच्या मुलीची हळद होती, आगरी घरातली, तिथे वहिनी गेली. आगरी लग्नात धवलारीण लागते. विधी चालू असताना धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी बाई. तिच्या गाण्याशिवाय विधी पुरा होत नाही. हिराबाई ही तिथली धवलारीण. तेव्हा साठीची असेल. वहिनी तिच्यासमोर जमिनीवर जाऊन बसली आणि चार तास उठली नाही. गाणं संपल्यावर हिराबाई तिला म्हणाली, “बाय, तू गानारी हास. तुज्या व्हटांवरना कललं मना.” वहिनीने मला हे इतक्यांदा सांगितलं की आगरी बोलीतलं एवढं एक वाक्य मला पाठ झालं. त्या दिवसापासून बालवाडी सुटली की वहिनी आठवड्यातून एकदा तरी हिराबाईच्या ओटीवर. एक गायची, दुसरी ऐकायची, मग उलट. अर्थ एकमेकींना कळत होता की नाही देव जाणे. हिराबाई तिला अकुबाय म्हणायची. वहिनीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारी या शहरात दादा सोडून ती एकटीच.

आईच्या शेवटच्या वर्षी आई अंथरुणालाच खिळली होती. तिचं सगळं वहिनीने केलं, अगदी सगळं. मी रविवारी जायचे. अशाच एका दुपारी मी तिथे असताना आई अचानक म्हणाली, “अनघा, ह्यांच्या वेळी तू काय करणार होतीस गं? ते कर बघू.” वहिनी आईकडे बघत राहिली. “आई, खूप वर्षं झाली.” आई म्हणाली, “मला कुठे झाली?” मग वहिनीने पायातल्या चपला काढल्या. पलंग आणि कपाटाच्या मधल्या चार फूट जागेत ती उभी राहिली आणि नानांना हाका मारल्या. त्यांचं नाव, त्यांच्या आईचं नाव, आजीचं नाव, देवरुखाजवळचं आमचं गाव, तिथली नदी. ही नावं तिने कधी गोळा केली होती? आईच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मी घाबरून पुढे झाले, तर वहिनीने हातानेच मला थांबवलं. आई रडत होती. हेल काढून, कोकणातल्या बायका रडतात तशी, ‘मला टाकून कुठे गेलात हो’ म्हणत. सोळा वर्षांनी. तिला धीराची म्हणून म्हणून आम्ही सगळ्यांनी तिचा गळा दाबून ठेवला होता. आई गेली तेव्हा वहिनी काही बोलली नाही की गायली नाही. मी विचारलं तर म्हणाली, “आम्ही दोघींनी आधीच केलं.”

मागच्या दिवाळीनंतर तिच्या पोटात दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कर्करोग, पसरलेला. डॉक्टरांनी महिने मोजून सांगितले. तिने दादाला सांगितलं, “मला जाळा, चालेल. मी तुझ्या घरची आहे. पण आधी कोणीतरी गायला हवं.” तिला मूल झालं नाही. तिच्याकडे मयताचं करायचं ते आईकडच्या कुळाने, आणि तिच्या कुळातली आता एक बहीण उरलेली, याआ. याआने व्हिसासाठी अर्ज केला, पण तिच्या गुडघ्यांचं दुखणं, तिथले फेरे, काही खरं नव्हतं. तेव्हा वहिनीने मला बोलावून घेतलं. “नीला, तू शिक.” मी म्हटलं, “मला? वहिनी, मला साधं आरतीत सूर धरता येत नाही.” ती म्हणाली, “सूर कोणी मागितला? तू फक्त उभी राहा आणि माझी नावं घे. तू मला एकदा आत नेलंस ना. आता बाहेर ने.” इतकी वर्षं त्या कडीबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती.

मग मी दर रविवारी जात राहिले. ती उशांना टेकून बसायची आणि मी पलंगासमोर उभी. हात असे. कोपर जवळ. पाऊल घासू नको, ठेव. मी चाळीस मुलांचा वर्ग एका नजरेने गप्प करणारी बाई, पण तिथे माझे हात लाकडाचे व्हायचे. ती हसायची, मग हसताना दुखायचं, मग आम्ही थांबायचो. नावं मी वहीत लिहून घेतली – अकुआ, तिची आई आमा, आजी अफुआ, पणजी अकोसुआ. गावाचं नाव, नदीचं नाव. कुठे आवाज खाली न्यायचा, कुठे सोडून द्यायचा, ते बाणांच्या खुणा करून. वही शिक्षिकेचीच. शेवटच्या रविवारी तिला बोलवत नव्हतं. मी सगळं एकदा म्हणून दाखवलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, हातांसकट. तिने डोळे उघडले आणि मान हलवली. जमलं, असं त्या मानेत होतं. मी खूश होऊन घरी आले, पेपरात पास झाल्यासारखी. तीन दिवसांनी, बुधवारी, ती गेली.

अकरा वाजता तिला खाली आणलं. सोसायटीच्या आवारात, मीटरबॉक्सच्या समोर. पन्नासएक माणसं असतील. शववाहिनी मागे घेत होते, तिचं रिव्हर्सचं ते बारीक संगीत चालू होतं. गुरुजींनी नाव विचारलं आणि दादा पटकन म्हणाला, “अनघा.” कागदावर तेच आहे. मी ऐकलं. याआ व्हिडिओ कॉलवर होती, तिच्याकडे भल्या पहाटेची वेळ, पण अंगणात पंचवीस-तीस बायका जमलेल्या, काळी-लाल वस्त्रं नेसून. फोन माझ्या हातात. त्यांनी सुरुवात केली. घंटा, मग याआचा आवाज, मग सगळ्यांचा. एवढ्याशा फोनमधून एवढा मोठा आवाज येईल असं मला वाटलं नव्हतं. माणसं वळून बघायला लागली. आता, मी मनाशी म्हटलं. आता चपला काढायच्या आणि पुढे व्हायचं. तेवढ्यात सेक्रेटरी जवळ आले. सज्जन माणूस, वहिनीला रक्त लागलं तेव्हा स्वतः देऊन आलेला. ते अगदी हळूच म्हणाले, “ताई, आवाज थोडा कमी करता का? वर मुलांच्या परीक्षा चालू आहेत.” आणि मी कमी केला. एकदा बटण दाबलं, मग पुन्हा, मग पुन्हा, पडद्यावर याआचं तोंड नुसतं हलत राहीपर्यंत. मी चपला काढल्या नाहीत. तोंड उघडलं नाही. सगळी नावं जिभेवर होती. समोर शाळेतल्या दोन सहकारी उभ्या होत्या, मोहनच्या ऑफिसमधले लोक होते... मी हात जोडले, सगळ्यांनी जोडले तसे. दारं लागली आणि गाडी गेली. एक बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “किती धीराने घेतलंत हो.”

चौथ्या दिवशी याआचा फोन आला. इंग्रजीत आधी तिने विचारलं, केस आणि नखं ठेवलीत ना? माणूस परमुलखात गेला तर त्यांच्याकडे तेवढं तरी गावी नेतात, त्याचं मयत करायला. मला हे माहीत नव्हतं. वहिनी सांगायची विसरली असेल, किंवा तिला वाटलं असेल आधी एवढं तर जमू दे. अस्थी आदल्याच दिवशी खाडीत सोडल्या होत्या. मी तसं सांगितलं. मग तिने विचारलं, “आमचं गाणं संपल्यावर तू गायलीस ना? नावं घेतलीस?” मी म्हटलं, “हो. सगळी घेतली.” ती म्हणाली, “देव तुझं भलं करो.”

मानपाड्याला मी गेले ते पाचव्या आठवड्यात. हिराबाईकडे फोन नाही, असला तरी ती उचलत नाही. वहिनी आजारी आहे एवढं तिला माहीत होतं, पुढचं कळवायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. चहूबाजूंनी टॉवर उभे राहिलेत, मधोमध तिचं कौलारू घर. ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. माझ्याकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. “अकुबाय गेली,” तीच म्हणाली. मी मान हलवली. “कवा?” मी सांगितलं. तिने बोटं मोजली आणि मग माझ्यावर अशी ओरडली की शेजारच्या बायका बाहेर आल्या. “आनि मना आज सांगतंस? कोन गायला तिला? कोन रडला?” मी खाली बघत म्हटलं, “कोणीच नाही. मला वाटलं... इथे तिचं कोणी नव्हतं.” “मी हुतू ना!” तिने छातीवर हात मारला. “मी हितं बसलेली हुतू. मना का नाय बोलावलं?”

मला खरोखर सुचलं नव्हतं. पाच हजार मैलांवरून बायका फोनमध्ये आणल्या होत्या आणि रिक्षाने पंधरा मिनिटांवर ही बाई तांदूळ निवडत बसलेली होती. मी कसंबसं म्हटलं, “तुम्ही लग्नात गाता ना, म्हणून...” हिराबाई म्हणाली, “धवलं लग्नाचंच. मयताला नाय गात. पन रडाया कुनाची परवानगी लागते गं?” आणि तिने डोकं गुडघ्यांवर टेकलं आणि सुरू केलं. अकुबाय माझे, दर्यापलीकडून आलीस, माझ्या ओटीवर बसलीस, माझा घास खाल्लास, न सांगता कशी गेलीस... सुरात नव्हतं ते, पण गाणंच होतं. शेजारच्या बायका तिच्याभोवती बसल्या. त्यांतल्या दोघी-तिघींनी वहिनीला नुसतं येताजाता पाहिलेलं. त्याही रडल्या. मी मध्ये बसून होते आणि मला रडू येत नव्हतं. उठताना हिराबाईने माझा हात धरला. “तिच्या बहिनीला सांगलंस का, कोनी नाय गायला ते?” मी हात सोडवायला लागले. तिला कळलं. “खोटं नको ठेवूस बाय. ती तिकडं समाधानात बसलीय, आनि ही वाटंत उभी हाय.”

मागच्या रविवारी ठाकुर्लीला जाऊन मी याआला फोन लावला. दादा आत वहिनीच्या कपाटासमोर बसला होता. गेले सहा आठवडे तो तिथेच बसतो, कपाट उघडून, तिचे कपडे बाहेर न काढता. मी याआला सांगितलं. मी गायले नाही. नावं घेतली नाहीत. आवाज मीच कमी केला. याआ म्हणाली, “मला माहीत आहे.” मला कळेना. ती म्हणाली, “तू तुझ्याकडचा आवाज कमी केलास. तुमच्याकडचा मला ऐकू येत होता. गाडीचं संगीत येत होतं. माणसांच्या चपला वाजत होत्या. एक कुत्रा भुंकला. मी गाता गाता कान देऊन ऐकत होते, आता तरी कोणी रडेल, आता रडेल... एकही माणूस रडला नाही. मला वाटलं, माझी बहीण चुकीच्या घरात मेली.” मग म्हणाली, “तरी मी तुला विचारलं. कारण मला ‘हो’ ऐकायचं होतं.”

फोन स्पीकरवर होता. दादा दारात येऊन उभा असल्याचं मला कळलं नाही. त्याने सगळं ऐकलं होतं. अडुसष्ट वर्षांचा माझा भाऊ, नानांच्या वेळी न हललेला, आवारात ‘अनघा’ म्हणून मोकळा झालेला. त्याने दाराची चौकट धरली आणि तो खाली बसला. “अकुआ,” तो म्हणाला. मग मोठ्याने. मग ट्वीत, मला न कळणारं काहीतरी, आणि त्यात नावं येत होती, तिच्या आईचं, आजीचं. अकरा वर्षं तो त्या गावात किती मयतांना उभा राहिला असेल, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. त्याला येत होतं. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त येत होतं आणि त्या सकाळी आम्ही दोघंही हात जोडून उभे होतो. त्याचा आवाज फाटत होता, तो ओरडत होता, भिंतीवर हात मारत होता. याआ फोनमधून त्याला साथ देत नव्हती, ती फक्त रडत होती.

दुपारचे तीन वाजले होते. रविवारची, झोपेची वेळ. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. मी उठले आणि खिडकीपाशी गेले, हात कडीवर गेलाही. खाली आवारात सेक्रेटरी उभे होते, मान वर करून. आमची नजरानजर झाली. दादा मागे तिला हाका मारत होता. मी खिडकी लावली नाही. तशीच उभी राहिले, आणि मला कळलं की माझ्या पायात अजून चपला आहेत... त्या काढून मी आत दादापाशी गेले.